उद्यमनगरचे इलेक्ट्रिशियन मामा आणि हायवेचं सर्व्हिस सेंटर: एकाच अल्टरनेटरचे दोन हिशोब

कोल्हापुरात ज्यांची गाडी वॉरंटीच्या बाहेर गेलीय त्यांनी हे नक्की वाचा, जरा लांबलंय पण पूर्ण वाचा.

माझी गाडी २०१५ची डिझेल हॅचबॅक, ९२ हजार किलोमीटर झालेत, पहिल्या दिवसापासून सगळी सर्व्हिसिंग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच, एकही चुकवलेली नाही. गेल्या पावसाळ्यात कणकवलीहून येताना फोंडा घाटात चढणीला बॅटरीचा लाल दिवा मंद पेटायला लागला, वायपर चालू, एसी चालू, हेडलाइट चालू, आणि दाजीपूर येईपर्यंत हेडलाइटचा उजेड पार पिवळट झाला. आई मागे बसलेली, बाहेर धुकं एवढं की पुढचं वळण दिसेना. एसी बंद केला, काच फडक्यानं पुसत पुसत कसंबसं राधानगरीला आलो, तिथंच पाहुण्यांकडे मुक्काम केला आणि सकाळी उजेडात गाडी हळूहळू कोल्हापूरला आणली.

सर्व्हिस सेंटरला (नाव घेत नाही, हायवेला लागून आहे एवढंच) तासाभरात निकाल मिळाला. चार्जिंग होत नाही, अल्टरनेटर (गाडी चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो) असेंब्ली म्हणजे अख्खा जोडलेला संचच बदलायचा. पार्ट १८,४०० रुपये, लेबर वेगळं, लेबरवर १८ टक्के जीएसटी, आणि पार्ट यायला ४ दिवस. मी विचारलं, आत नेमकं काय गेलंय? अ‍ॅडव्हायझर म्हणाला, "सर, आम्ही अल्टरनेटर खोलत नाही, असेंब्लीच येते." पोरगा उद्धट नव्हता हां, खरंच त्याच्याकडे दुसरं उत्तर नव्हतं.

पण तिथं एक जुने मेकॅनिक आहेत, वीसेक वर्षं झाली असतील त्यांना, माझी गाडी बऱ्याचदा त्यांनीच केलीय. ते बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, पूर्वी आम्ही हितंच खोलायचो. कार्बन (म्हणजे आतल्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे ब्रश) बदलायचो, बेअरिंग बदलायचो, सेल्फ (स्टार्टर) तर किती खोललेत त्याचा हिशोब नाही. आता सिस्टीममध्ये कार्बनचा पार्ट नंबरच नाही, मागवू कसा? आणि मी खोलून बसवला अन् महिन्यात गाडी परत आली तर ते माझ्या नावावर." हे ऐकून मला लई वाईट वाटलं. ज्या माणसाला रोगाचं कारण कळतंय, हात बसलेला आहे, त्याच्याकडून चार बोल्ट सोडून चार बोल्ट आवळण्याएवढंच काम घ्यायचं, ही त्या माणसाची आणि आपलीही नासाडी आहे.

त्यांच्या मालकाच्या बाजूनंही बघितलं मी. नवीन असेंब्ली बसवली की तिला कंपनीची वॉरंटी असते, काम लवकर उरकतं, बे (गाडी दुरुस्तीला लावायची जागा) रिकामी होते, तक्रार आली तर पार्टवर ढकलता येते. खोलून दुरुस्त करायचं म्हटलं तर किती वेळ लागेल ते आधी सांगता येत नाही आणि जॉब कार्डवर लेबर तर कामागणिक ठरलेलं. वॉरंटीतल्या गाडीला तर मी पण म्हणेन नवंच बसवा, आपल्या खिशातनं जात नाही. पण १० वर्षांच्या गाडीला एका घासलेल्या कार्बनपायी १८ हजार?

मग गाडी नेली उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या कारखाने-वर्कशॉपच्या भागात, एका ऑटो इलेक्ट्रिशियन मामांकडे. मामांनी गाडी चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावला, १२.१ व्होल्ट. चांगलं चार्जिंग असलं की १४च्या आसपास पाहिजे. मग इंजिनला कान लावून म्हणाले मागचं बेअरिंग पण कोरडं पडलंय, आणि खरंच तो घूं घूं आवाज मी दोन महिने टायरचा समजत होतो. अल्टरनेटर काढून माझ्यासमोर खोलला. कार्बन झिजून अगदी नखाएवढे उरलेले, ते ज्यावर घासतात त्या स्लिप रिंगवर चर पडलेली. डायोड प्लेट (एसी करंटचा डीसी करणारी) एकेक डायोड मीटरनं तपासली, चांगली निघाली. कटआउट (म्हणजे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) चांगला निघाला. जे चांगलं ते ठेवलं, ही गोष्ट मला सगळ्यात आवडली कारण सांगितलं असतं तर मी त्याचेही पैसे दिले असते, मला काय कळणार होतं. त्या मॉडेलला कार्बन आणि कटआउट एकाच होल्डरमध्ये येतात, पण मामांनी जुने कार्बन उपसून नवे सोल्डर केले. रोटर शेजारच्या लेथवर नेऊन स्लिप रिंग हलकी साफ करून आणली. हे उद्यमनगर आहे म्हणून, लेथ चार पावलांवर. दोन्ही बेअरिंग नवीन, पुलरनं काढून प्रेसवर बसवली, हातोडा लावला नाही.

बसवून परत मीटर लावला, एसी लाइट सगळं चालू ठेवून १४.१.

बिल १,९००. बेअरिंग, कार्बन, लेथ, मजुरी सगळं धरून. "पाव्हणं, आतलं तांबं चांगलं हाय, ह्येला नवा कशाला पायजे," एवढंच बोलले. आता १४ महिने झाले, गाडी १७ हजार किलोमीटर पळाली, गोव्याला दोनदा जाऊन आली, दिवा परत लागलेला नाही.

सगळंच खोलून दुरुस्त करा असं मी म्हणत नाहीये, हे मामाही सांगतात. एअरबॅग, सीट बेल्ट, ब्रेकचं एबीएस युनिट असल्या गोष्टीत जुगाड नको, तिथं नवीनच. पण ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) रबर बूट फाटलाय आणि जॉइंट अजून आवाज करत नाही तर बूट, ग्रीस आणि क्लिप बदलून भागतं, अख्खा शाफ्ट कशाला? डिझेलचे कॉमन रेल इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे) सुद्धा बॉशच्या अधिकृत डिझेल सेंटरमध्ये टेस्ट बेंचवर लावून, आतले भाग बदलून देतात. म्हणजे दुरुस्ती म्हणजे फुटपाथवरचंच काम असा जो समज करून दिलाय तो खोटा आहे.

आणि बाहेरच्या गॅरेजवाल्यांना सुटे भाग अन् तपासणीची टूल्स मिळू देत नाहीत म्हणून स्पर्धा आयोगानं २०१४ च्या ऑगस्टमध्ये १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड लावला होता. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं (दुरुस्तीच्या हक्काचं) पोर्टल काढलं त्यातही वाहनं आहेत. तरी काउंटरवर उत्तर तेच, असेंब्लीच येते. म्हणून एस्टिमेटवर सही करायच्या आधी दोन प्रश्न विचारा, आतलं नेमकं काय गेलंय आणि तेवढाच चाइल्ड पार्ट (असेंब्लीतला सुटा भाग) मिळतो का. आणि जुना पार्ट परत मागा, तो तुमचा आहे.

मामांच्या दुकानाची कमी बाजू पण सांगतो. गाडी लावायला जागा नाही, बसायला एक बाकडं, बिल साध्या कागदावर, त्यावर वॉरंटी लिहून मिळत नाही, तोंडी सहा महिने सांगतात. स्कॅनरचं काम करत नाहीत, तसलं काही असलं तर स्वतःच सांगतात की शोरूमला जा. सकाळी दहाच्या आत गेलात तर संध्याकाळी गाडी हातात मिळते, दुपारी गेलात तर दुसऱ्या दिवशीच. सोमवारी दुकान बंद असतं.

दुकानाला ५ पैकी ५. सर्व्हिस सेंटरला २, आणि ते दोन्ही त्या जुन्या मेकॅनिकसाठी.