सीबीटी की सायकोडायनॅमिक? आकडे जुळवणाऱ्या माणसाचा कौल

थेरपी घ्यायची हे एकदा ठरलं की पुढचा प्रश्न येतो, कुठली? आपल्याकडे निवड बहुधा दोन प्रकारांत होते. एक सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी) आणि तिच्याच घराण्यातली आरईबीटी (रॅशनल इमोटिव्ह बिहेविअर थेरपी): विचार पकडा, तपासा, वहीत उतरवा. दुसरा सायकोडायनॅमिक: मनात येईल ते बोलत जायचं आणि त्यात तेच तेच कुठे उगवतंय ते दोघांनी मिळून बघायचं. मी आधी पहिली घेतली, मग दुसरी. दोन्हीकडे तक्रार एकच घेऊन गेलो होतो. ऑफिसात साहेबांनी ‘जरा आत या’ म्हटलं की पोटात गोळा, आणि मग रात्रभर त्याचीच उजळणी.

महाराष्ट्रात पहिल्या प्रकाराचं पारडं आधीच जड. अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये मांडलेली आरईबीटी मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी आणि ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेमुळे मराठी घरांत पोचली. कधी थेरपिस्टकडे न गेलेली आत्याही ‘हा तुझा अविवेकी विचार आहे’ असं सुनावू शकते. दुसऱ्या प्रकाराची मुळं भारतात खरं तर जुनी. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ सालीच कलकत्त्यात मनोविश्लेषणाची संस्था काढली होती. तरी मुंबई-पुण्याबाहेर असा थेरपिस्ट मिळवायला आजही शोधाशोध करावी लागते. गंमत म्हणजे सीबीटीचे जनक आरन बेक आणि आपले एलिस, दोघेही मनोविश्लेषण शिकूनच त्यातून बाहेर पडले.

सीबीटीने मला दिलं ते थोडं नाही. सेशनच्या सुरुवातीलाच आज काय बोलायचं ते ठरतं, मागचा गृहपाठ तपासला जातो, नवा मिळतो. साधारण १२ ते २० सेशन्स धरून चाललं की खिशालाही अंदाज येतो. ‘साहेबांनी मेसेजला उत्तर दिलं नाही म्हणजे आता नोकरी गेली’ याला पुरावा काय, हा प्रश्न मी आजही स्वतःला विचारतो, आणि झोप लागते.

मग खटकलं काय? आकडे. तक्त्यात लिहायचं असतं: या विचारावर विश्वास किती टक्के, चिंता शंभरपैकी किती, पर्यायी विचार लिहिल्यावर उरली किती. मी पेशाने ऑडिटर. कागदावर रकाने दिसले की माझा हात आपोआप ताळेबंद जुळवायला लागतो. ८०ची चिंता ४०वर आणली की बरं दिसतं, २०वर आणली तर कुणाला पटणार नाही, असा हिशेब करून मी आकडे टाकायचो. वही देखणी होत गेली. थेरपिस्टबाई कौतुक करायच्या आणि मला दहावीत गणितात पैकीच्या पैकी मिळाल्यासारखं वाटायचं. ‘जरा आत या’चा गोळा मात्र होता तिथेच.

त्या दर वेळी शेवटी विचारायच्या, आज काही खटकलं का? तो प्रश्न सीबीटीच्या रीतीतलाच आहे. माझं उत्तर ठरलेलं: नाही, छान झालं. त्यामुळे दोष पद्धतीचा किती आणि माझ्या स्वभावाचा किती, हे छातीठोकपणे सांगवत नाही.

दुसरीकडे रकाने नव्हते. सुरुवातीला ते फार जड गेलं. समोरचे गृहस्थ गप्प, मी गप्प, आणि फीचं मीटर चालू. शेवटी वैतागून म्हणालो, “तुम्ही काहीच बोलत नाही, मी बरोबर करतोय की नाही तेच कळत नाही.” ते म्हणाले, “बरोबर करतोय असं कुणी सांगितलं नाही, तर काय होतं?” पुढचे कित्येक आठवडे त्या एकाच प्रश्नावर गेले. साहेब, वडील, थेरपिस्टबाई आणि आता हे, सगळ्यांकडे मी एकाच नजरेने बघत होतो. याला ते लोक ट्रान्सफरन्स म्हणतात. सीबीटीतही हे बोलता आलं असतं, नाही असं नाही. पण तिथे माझ्याकडे वही होती, आणि वही असेपर्यंत मी तिच्याआड बसलो असतो.

याचा अर्थ सगळ्यांनी इकडेच यावं असा नाही. माझ्या मेहुण्याला लिफ्टची भीती होती, त्याला मी सीबीटीकडेच पाठवलं. पॅनिक, ओसीडी (नको असलेले तेच ते विचार आणि कृती), ठरावीक गोष्टीची भीती असेल तर टप्प्याटप्प्याने त्या भीतीला सामोरं नेणाऱ्या थेरपिस्टकडेच आधी जावं. आणि जीव नकोसा झाला असेल तर ही निवड बाजूला ठेवून थेट मनोविकारतज्ज्ञ गाठावा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो.

पण गृहपाठ वेळेवर करणारे, शिक्षकांचे लाडके, ‘कसे आहात’ला ‘मजेत’ म्हणणारे असाल, तर मला वाटतं सायकोडायनॅमिकचा आधी विचार करायला हरकत नाही. वेळ आणि पैसा जास्त जातो, हे खरं. मात्र त्यातही १५-२० सेशन्सचे आटोपशीर प्रकार आहेत. समोरचे तसं काम करतात का, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या. विचारायला संकोच वाटला, तर तेही तिथेच सांगा.