नागपुरात बोट ठेवायला जागा शोधताय? आधी माझे 2,05,900 रुपये वाचा

नागपुरात बोट ठेवायला जागा देतो म्हणून एकाने मला फसवलं. आकडे आधीच सांगून टाकतो, म्हणजे "गेले असतील थोडेफार" असं कुणी समजणार नाही. टोकन 21,000. 'फाउंडर मेंबर' म्हणून 1,25,000. क्रेन आणि बोटीचा पाळणा 32,000. विमा 9,400. शेवटी एनओसीचे 18,500. झाले दोन लाख पाच हजार नऊशे. बोट रेवसहून नागपूरला आणायचे 74,000 वेगळे, पण ते ट्रकवाल्याच्या घामाचे होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आता लाजेची गोष्ट. मी 28 वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, चीफ इंजिनिअर म्हणून उतरलो. वादळं पाहिली, इंजिनरूममध्ये लागलेली आग पाहिली. आणि बुडालो कुठे, तर झिरो माईलच्या दगडापासून चाळीस किलोमीटरवर, एका पाटबंधाऱ्याच्या तलावाकाठी, कोरड्या पायांनी. मनीषनगरात शेजारी मला आता 'कॅप्टन' म्हणतात. मी कॅप्टन कधीच नव्हतो, पण दुरुस्त करायला तोंड उरलेलं नाही.

नागपुरात बोट कशाला, असं सगळेच विचारतात. पोलीस ठाण्यातल्या हवालदारानेही तेच विचारलं होतं, हसत हसत. तर सांगतो. सासूबाई 81 वर्षांच्या, एकट्या. हिचं माहेर नागपूर. निवृत्तीनंतर पनवेलचं घर भाड्याने दिलं आणि इकडे आलो. अठरा फुटी फायबरची बोट आणि तिचं चाळीस हॉर्सपॉवरचं इंजिन मी 2011 साली हौसेने घेतलं होतं. विकायला काढली तेव्हा रेवसच्या बाजूला जी किंमत सांगितली गेली त्यात नुसतं इंजिनही आलं नसतं. म्हटलं, नागपूर तर तलावांचं गाव, आपली बोट काय जड आहे?

जड होती. अंबाझरी 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे ओसंडून लोकांच्या घरात शिरला होता. त्यानंतर त्या तलावाभोवती जे काही सुरू आहे त्यात माझी बोट कोण ठेवून घेणार? शिवाय जलपर्णी. ती पंख्यात अडकली की इंजिन बंद करून हातानेच सोडवत बसा. फुटाळ्यात कारंजी. खिंडसीला बोटिंग चालतं, पण ते चालवणाऱ्यांच्या स्वतःच्या बोटींचं. तोतलाडोह पेंच व्याघ्र प्रकल्पात, तिथे खासगी मोटरबोटीचं नावही काढायचं नाही. गोसीखुर्दला पाणी उदंड, पण पवनीपर्यंत एका बाजूने ऐंशी-नव्वद किलोमीटर, सासूबाईंना सोडून दर आठवड्याला कोण जाणार? अशी सगळीकडून तोंडं बंद झालेली असताना समोर एक उघडं दार दिसलं. मी शिरलो. तुम्हीही शिरला असता. नसता शिरला तर पुढे वाचू नका.

ज्याने मला फसवलं तो माणूस मला रस्त्यावर भेटलेला नाही, हे लक्षात घ्या. मेव्हण्याच्या ओळखीतल्या एका लग्नात भेटला. पांढरा शर्ट, गळ्यात रुद्राक्ष, बोलणं अस्सल नागपुरी. माझी बायको नागपूरची आहे हे कळताच त्याने पहिल्या पाच मिनिटांत मला 'जावईबापू' करून टाकलं. "जावईबापू, तुमच्यासारखा समुद्रावरचा माणूस आमच्या साइटवर पायजेच न. विदर्भातला पहिला मरीना करून राहिलो आपण." मरीना म्हणजे बोटी बांधून ठेवायचा तळ. पाटबंधाऱ्याच्या तलावाचा तीस वर्षांचा भाडेकरार हाती आहे, बारा बोटींची जागा तयार आहे, पहिल्या दहा सभासदांना फाउंडर रेट. नागपुरात जावयाला जो मान मिळतो तो पनवेलला सासुरवाडी असणाऱ्यांना कळायचा नाही. मी विरघळलो.

फेब्रुवारी 2025 मध्ये त्याने साइट दाखवली. उमरेड रोडने जाऊन आत वळायचं. तलावाचं नाव लिहीत नाही, तलावाचा काय दोष. निळ्या-नारिंगी प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा तरंगता धक्का होता, हल्ली सगळीकडे दिसतो तसा. त्यावर चार खुर्च्या, एक छत्री. दोन ठोकळ्यांच्या फटीत झेंडूच्या पाकळ्या अडकलेल्या. मी विचारलं, तर म्हणाला परवाच पूजा झाली. धक्का पाण्यात नांगरलेला नव्हता. नायलॉनच्या दोरीने काठावरच्या बाभळीला बांधला होता, गाय बांधावी तसा. अठ्ठावीस वर्षं मी पोरांना दोरखंडावरून शिव्या घातल्या. त्या दिवशी ती दोरी पाहिली, मनात म्हटलं "तात्पुरती असेल", आणि गप्प बसलो.

पण हेही मी स्वतःला माफ केलं असतं. माफ होत नाही ते पुढचं.

मी विचारलं, उन्हाळ्यात पाणी किती उतरतं? सिंचनाच्या तलावाबाबत हा पहिला प्रश्न असतो, कारण तो तलाव बोटींसाठी बांधलेला नसतो. रब्बीला पाणी सुटतं, उन्हाळ्याला सुटतं, वर बाष्पीभवन, आणि मे संपेपर्यंत साठा तळाला जातो. पूर्ण संचय पातळी (तलाव पूर्ण भरल्यावरची) आणि मृत साठा (तळाचं, कालव्यात न सुटणारं पाणी) हे दोन आकडे मिळाले की त्या जागेचं भविष्य कळतं. प्रश्न बरोबर विचारला होता मी. त्याने उत्तर दिलं, "ओहोटीत थोडं उतरते साहेब, मंग भरतीत येते वापस."

ओहोटी. उमरेड रोडला.

मी हसलो. त्याला वाटलं मी खूश झालो. मला वाटलं, बिचारा जमिनीवरचा माणूस, शब्दांची गल्लत झाली, धंदा शिकतोय अजून. घरी येऊन हिला विनोद म्हणून सांगितलं. ती पोळ्या लाटता लाटता थांबली आणि म्हणाली, "अहो, ज्याला तलाव आणि समुद्र यातला फरक कळत नाही त्याच्याकडे बोट ठेवणार तुम्ही?" मी म्हटलं, तुला यातलं कळत नाही. हे वाक्य मला आता आठवड्यातून दोनदा ऐकायला मिळतं, माझ्याच आवाजात, तिच्या तोंडून.

नंतर त्याचं छापील माहितीपत्रक नीट वाचलं तेव्हा त्यातही होतं: 'भरती-ओहोटीची चिंता न करता चोवीस तास प्रवेश.' म्हणजे कुठल्या तरी किनाऱ्यावरच्या मरीनाचं पत्रक जसंच्या तसं उचललेलं. ते पत्रक फेब्रुवारीपासून आमच्या फ्रिजवर चिकटवलेलं होतं. रोज दूध काढताना समोर.

पैसे कसे गेले ते पाहा. पहिले 21,000 आणि 1,25,000 फर्मच्या चालू खात्यात गेले, पावती मिळाली, शिक्का होता. क्रेनचे आणि विम्याचेही तिथेच. एनओसीचे 18,500 मात्र रात्री साडेनऊला एका मोबाईल नंबरवर, "साहेब, उद्या सकाळी फाइल सुटते, फर्मचं अकाउंट लिमिटमध्ये अडकून राहिलं." फर्मशी व्यवहार आणि पैसे माणसाच्या नंबरवर, हे ऐकलं की फोन खाली ठेवा. पावतीवरचा जीएसटी क्रमांक 23 ने सुरू होत होता. महाराष्ट्राचा क्रमांक 27 ने सुरू होतो, 23 मध्य प्रदेशचा. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकला की नाव-पत्ता फुकट दिसतो, दोन मिनिटं लागतात. मी ती दोन मिनिटं जूनमध्ये काढली.

आणि ती एनओसी! सुंदर कागद, अशोकस्तंभ, गोल शिक्का, 'इनलँड व्हेसल्स अॅक्ट 1917 अन्वये'. तो कायदा 2021 च्या नव्या अंतर्देशीय जलयान कायद्याने रद्द झालेला आहे. तुम्ही म्हणाल, जहाजावरच्या माणसाला हे माहीत नको? नको. माझा सगळा जन्म 1958 च्या मर्चंट शिपिंग अॅक्टखाली गेला, नदी-तलावांचा कायदा कधी उघडण्याची वेळच आली नाही. कुणी सरकारी कागद दाखवला तर त्यावरच्या कायद्याचं साल शोधून बघा, एवढंच सांगतो.

मार्चच्या शेवटी बोट आली. क्रेन आली नाही, "बिघडली". बोट ट्रेलरवर, काठापासून थोडी वर, ताडपत्री टाकून ठेवली. एप्रिलच्या मध्याला गेलो तर पाणी काठापासून दीडशे पावलं मागे सरकलेलं आणि तरंगता धक्का गायब. "सर्व्हिसिंगला गेला." मे महिन्यात गेलो तेव्हा धक्का होता त्या जागी चिखलाला भेगा पडल्या होत्या आणि त्यात शेळ्या चरत होत्या. फोन स्विच ऑफ. शेळीवाल्याने विचारलं, "तुमीच का ते बोटवाले?" मग त्यानेच सांगितलं की तो धक्का एका डेकोरेशनवाल्याचा, प्री-वेडिंग शूटला भाड्याने येतो, दोन दिवस असतो आणि जातो. झेंडूच्या पाकळ्यांची पूजा ती. त्या म्हाताऱ्याला फेब्रुवारीत चहा पाजून दोन शब्द बोललो असतो तर दोन लाख वाचले असते. साइट दाखवणारा बाजूला नसताना एकदा एकट्याने जा आणि तिथल्या गुराख्याशी, मासेमारी सोसायटीच्या माणसांशी बोला. तलावावर काय चाललंय हे त्यांना माहीत नसेल तर कुणालाच माहीत नाही.

आता साहेब लोकांकडे येऊ.

शहरातल्या ठाण्यात गेलो. "तलाव ग्रामीणमध्ये येते, तिकडे जा." ग्रामीणच्या ठाण्यात गेलो. "पैसे शहरातून गेले न? तिकडेच होईन." मी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 छापून नेलं होतं, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती घ्यावीच लागते. हवालदाराने ते वाचलं, घडी घालून मला परत दिलं आणि म्हणाला, "वकील आहे का तुमी?" मग "हा सिव्हिल मॅटर आहे". पावत्या दाखवल्या. "पावती दिली म्हणजे फसवलं कुठे?" या वाक्यावर मी अजून विचार करतो आहे. पावती नसती तर पुरावा नाही, पावती आहे तर फसवणूक नाही. न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम 318 मग लिहिलं तरी कोणासाठी? शेवटी साधा अर्ज घेतला, पोच द्यायला तीन चकरा. अर्जात माझ्या बोटीचं वर्णन 'डोंगा, फायबर, एक नग' असं झालं आहे.

पाटबंधाऱ्याच्या कार्यालयात एक बाई सरळ बोलल्या, त्यांचे उपकार मानतो. "तलाव आमचा, पाणी आमचं, असा करार आम्ही कुणालाच दिलेला नाही." मी म्हटलं, एवढंच लेखी द्या. तर त्यांचे साहेब म्हणाले, माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून केला. कायद्यात तीस दिवस आहेत. त्रेचाळिसाव्या दिवशी उत्तर आलं: 'सदर माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही.' नसलेला करार त्यांच्याकडे नाही, एवढं खरं आहे, पण तो दिलेलाच नाही असं लिहायला कुणाचा हात चालेना. त्या एका ओळीवर माझी तक्रार उभी राहिली असती. अपील केलं आहे. तारीख नाही.

एक चूक माझीही. ऑनलाइन गेलेल्या पैशांसाठी 1930 वर फोन करायचा असतो आणि तो त्याच तासात करायचा असतो, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आधी. मी या सगळ्याला सायबर समजलोच नाही. माणूस समोर बसून चहा प्यायला होता, सायबर कसलं? महिना उलटून गेल्यावर केलेल्या फोनचा काय उपयोग. ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. नोटीस परत आली. फर्मच्या पत्त्यावर मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, तोही पोरगा भाडेकरू.

मेव्हणा म्हणतो त्याने फक्त ओळख करून दिली होती. खरं आहे. पण जेवायला बसलो की दोघंही मान खाली घालून जेवतो.

बोट सध्या बेसा रोडला हिच्या काकांच्या रिकाम्या प्लॉटवर आहे. इंजिन काढून घरी बाल्कनीत ठेवलं आहे, महिन्यातून एकदा ड्रममध्ये पाणी भरून पाच मिनिटं चालवतो, नाहीतर जाम होईल. खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात, धूर येतो म्हणून नाही, आवाज येतो म्हणून. कुणाला खरोखरच भरवशाची जागा माहीत असेल, कागद दाखवणारी, उन्हाळ्यातली पाण्याची पातळी आकड्यात सांगणारी, तर कळवा. रोख टोकन मागणारी नको.

गेल्या आठवड्यात नव्या नंबरवरून संदेश आला. 'नमस्कार जावईबापू, गोसीखुर्द बॅकवॉटरला नवीन साइट, फाउंडर रेट फक्त दहा जणांना.' हात थरथरले. स्क्रीनशॉट घेऊन तसाच ठाण्यात गेलो, म्हटलं आता तरी नंबर चालू आहे, पकडा. हवालदाराने मोबाईल हातात घेतला, संदेश दोनदा वाचला आणि म्हणाला, "असं नाही चालत. रंगीत प्रिंट आणा, दोन प्रती."