रोजची पंधरा मिनिटं की आठवड्याची एक बैठक?

नुसतं खेळायचं म्हणून फोटो काढायचे, ना कुणाला द्यायचे ना कुठे टाकायचे, त्याला वेळ कधी काढायचा हा प्रश्न असेल तर फिरून फिरून दोनच उत्तरं हाती येतात. रोज पंधरा मिनिटं, नाहीतर आठवड्यातून एकदा दोन-तीन तासांची सलग बैठक. माझं दोन्ही करून झालंय. अमुकच करा असं सांगणार नाही, पण कल कुठे आहे तो वाचताना कळेलच.

आधी रोजच्याचं चांगलं सांगतो. कॅमेरा बॅगेत जातच नाही, कायम हाताशी असतो, आणि सवय इतकी होते की एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनची (फोटो उजळ-गडद करायची) डायल न बघता फिरते. घरातला उजेड कळायला लागतो. खिडकीच्या गजांची सावली सकाळी भिंतीवर कुठपर्यंत येते, महिन्याभरात ती किती सरकते, हे रोज बघितल्याशिवाय लक्षात येत नाही. सावल्या, काचेतली प्रतिबिंबं, एकच ५० एमएमची लेन्स लावून घरभर फिरणं, शटर १/८ सेकंदावर ठेवून चालत्या पायांचे फोटो, असल्या गोष्टींना पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. एखादा दिवस वाया गेला तरी फार वाईट वाटत नाही, उद्या आहेच. फक्त त्याचं ३६५ करू नका, म्हणजे रोज एक फोटो, वर्षभर, खाडा नाही वगैरे. ज्यांना जमतं त्यांचं कौतुक आहे, पण माझ्या बघण्यात तरी थोड्याच दिवसांत त्याची हजेरी होते आणि मग रात्री साडेअकराला आयएसओ (उजेडासाठीची संवेदनशीलता) ६४०० वर चढवून चार्जरच्या वायरचा फोटो निघतो.

हे सगळं चालवून घेतलं असतं मी, पण एका गोष्टीने डोकं फिरवलं, ती म्हणजे आवराआवर.

उदाहरण देतो. लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनवर कोरी पांढरी विंडो उघडायची, लेन्सला सीपीएल, म्हणजे फिरवता येणारा पोलरायझर फिल्टर, लावायचा आणि स्क्रीन काळा पडेपर्यंत फिरवायचा. स्क्रीनमधून येणारा उजेड मुळातच पोलराइज्ड, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा असतो, म्हणून हे होतं. आता मध्ये पारदर्शक प्लास्टिकची पट्टी धरली की काळ्यावर एकदम रंग उमटतात, जांभळा, हिरवा, पिवळा, पट्ट्यापट्ट्यांनी, कारण साच्यात थंड होताना प्लास्टिकमध्ये जो ताण राहून गेलेला असतो तो असा दिसायला लागतो. काचेवर सेलोटेपचे तुकडे एकावर एक चिकटवले तर थर वाढेल तसा रंग बदलतो. भारी प्रकार आहे. पण पट्टी स्क्रीनला टेकवून चालत नाही, पिक्सेलची जाळी दिसते, म्हणून वस्तू काही इंच पुढे कशावर तरी टेकवायची, मग फोकस, मग ट्रायपॉड, मग मागच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब येतंय म्हणून ती बंद, मग पट्टी जराशी तिरकी केली तर रंग अजून खुलतो हे लक्षात येतं आणि आता खरी मजा सुरू होणार तेवढ्यात पंधरा मिनिटं संपतात. टेबल घरातल्या सगळ्यांचं, लॅपटॉप कामाचा, सगळं उचला. भातुकली मांडून व्हावी आणि तेवढ्यात जेवायला हाक यावी तसं. दुसऱ्या दिवशी परत मांडा, तर कालचा तो कोन सापडत नाही आणि तो शोधण्यातच आजचाही वेळ जातो.

टेबलावर वस्तू मांडून खेळणं काही नवीन नाही, अमेरिकन कलाकार मॅन रे पॅरिसमध्ये १९२२ साली डार्करूमच्या अंधारात थेट फोटो पेपरवर वस्तू ठेवून चित्रं करत होते, कॅमेऱ्याशिवाय. त्यांना कुणी पंधरा मिनिटांनी आवर म्हटलं नसावं.

बैठकीत हे दुखणं राहत नाही. एकदा मांडलं की मांडलं. मल्टिपल एक्स्पोजर (एकाच फ्रेमवर अनेक फोटो), अंधारात टॉर्चने लाइट पेंटिंग, पाण्यावरचे तेलाचे थेंब, हे सगळे प्रकार तिथेच जमतात. शटर उघडं असताना कॅमेरा मुद्दाम हलवून झाडांचे उभे फराटे काढायचे म्हटलं तर लख्ख उन्हात एफ/१६ (लेन्सचं छिद्र बारीक), आयएसओ १०० ला शटर येतं १/१०० सेकंदाच्या आसपास, म्हणजे सहा स्टॉपचा एनडी (उजेड सहा वेळा निम्मा करणारा काळपट फिल्टर) लावला तर अर्ध्या सेकंदाच्या थोडं वर जातं, आणि हात किती वेगाने हलवायचा हे फ्रेममागून फ्रेम घालवल्यावरच कळतं. सुरुवातीचे सगळे नुसता चिखल असतात. रोजच्या पंधरा मिनिटांत तो चिखलच वाट्याला येतो, बैठकीत त्याच्या पुढे जाता येतं.

तोटे आहेतच. एक बैठक बुडली की थेट पंधरवडा जातो, आणि बुडायला कारण लागत नाही. पहिला अर्धा तास सुचत काहीच नाही, तो धरूनच चालायचं. शिवाय एवढा वेळ काढलाय तर काहीतरी चांगलं निघायला हवं हे मनात येतंच, ते खेळाला मारक आहे, त्यावर माझ्याकडे तरी पक्का उपाय नाही.

तुमच्याकडे एखादा कोपरा असेल, जुना स्टूल का असेना, जिथली मांडणी आठवडाभर कुणी हलवणार नाही, तर रोजचंच घ्या, माझी तक्रार तिथे लागूच होत नाही. फक्त फोनवर काढत असाल तरी रोजचं बरं. लहान मूल असेल तर सलग तीन तास मिळणार नाहीत, तिथे चर्चाच नको. पण ट्रायपॉड, फिल्टर, टेबल असलं काही लागणारा खेळ आवडत असेल आणि टेबल सामायिक असेल, तर मला वाटतं बैठकच, महिन्यातून दोनदा जमली तरी. आदल्या रात्री बॅटरी चार्जिंगला लावा, कार्ड रिकामं करा आणि काय करून बघायचं ती एकच गोष्ट ठरवून ठेवा, दोन नको, दोन ठरवल्या की दुसरीच्या मांडामांडीत पहिली अर्धवट राहते.