पोकेमॉनचा तयार डेक: पिसण्याआधी हिशेब करा

सांगलीत खेळण्यांच्या दुकानात मिळणारा पोकेमॉन या पत्त्यांच्या खेळाचा तयार बॅटल डेक (पत्त्यांचा संच) सुरुवातीला पुरेसा आहे. ६० पत्ते नियमात बसवूनच येतात. बिघडतं ते हौशीने पत्ते बदलताना. बेसिक पोकेमॉन (सुरुवातीला थेट मांडता येणारे) कमी करून ट्रेनर (मदतीचे पत्ते) कोंबायचा मोह आवरा. डेकमध्ये बेसिक ८ असतील तर पहिल्या ७ पत्त्यांत एकही न येण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के. १२ असतील तर १९. बेसिक नाही आला की हात दाखवून पुन्हा पिसायचं, आणि समोरच्याला जादा पत्ता. हा पत्ता घेतलाच पाहिजे का, यावर हमखास वाद होतो. सक्ती नाही, मर्जी.

एकच बेसिक मांडून उतरणं हा खरा जुगार. बेंच (राखीव पोकेमॉनची जागा) रिकामा असताना तो बाद झाला तर डाव तिथेच संपला, बक्षीसपत्ते (प्रत्येकाचे सहा; समोरचा पोकेमॉन बाद केला की घ्यायचे, सगळे आधी घेणारा जिंकतो) कितीही उरलेले असोत. ईएक्सची (जास्त ताकदीच्या पोकेमॉनची) गर्दीही महागात पडते: एक बाद झाला की समोरच्याला दोन बक्षिसं, म्हणजे तिघांत सहाच्या सहा गेली.

चकचकीत पत्ते आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात धनुष्यासारखे वाकतात आणि पिसताना ओळखू येतात. ६६ बाय ९१ मिलिमीटरची, मागून अपारदर्शक कव्हरं सोबतच घ्या.