ओटी-स्पीच थेरपीच्या प्रिंटेबल्सची मेंबरशिप : काय कामाचं, काय नुसतं वजन

ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं परत जमावीत म्हणून थेरपी देणारे) आणि स्पीच थेरपिस्टसाठी वर्कशीट, हँडआउट, पिक्चर कार्ड असलं सगळं डाउनलोड करून प्रिंट काढायची एक साइट आहे, तिची दोन लॉगिनवाली मेंबरशिप आम्ही घेतली होती, म्हणजे मी ओटी आणि माझ्यासोबत काम करणारी स्पीच थेरपिस्ट मैत्रीण. साइटचं नाव देत नाहीये कारण खाली तक्रारी बऱ्याच आहेत, आणि अशा बाकीच्या साइट्सची पण थोडीफार हीच गत असते, त्यामुळे दुसरी कुठली घेणार असाल तरी वाचा.

आधी निकाल सांगून टाकते. पेशंट बघून ज्यात बदल करता येतो अशी मोजकी शीट्स आहेत, त्यांच्यासाठी पैसे वसूल. बाकी नुसता ढीग आहे. हजारो पानं हजारो पानं अशी जाहिरात असते ना, तिला अजिबात भुलू नका, एकच चित्र दहा रंगात दिलं की दहा पानं धरतात हे लोक.

मुलांच्या शीट्सपासून सुरू करते. प्रीरायटिंगचा, म्हणजे अक्षरांच्या आधी रेघा आणि आकार काढायचा, सेट मला मनापासून आवडला. क्रम बरोबर आहे, आधी उभी रेघ, मग आडवी, गोल, अधिकचं चिन्ह, चौकोन, मग तिरक्या रेघा आणि फुली आणि शेवटी त्रिकोण, आणि कुठल्या वयाच्या आसपास काय अपेक्षित ते पण खाली लिहिलंय (उभी रेघ साधारण २, गोल ३, अधिकचं चिन्ह ४, त्रिकोण ५ वर्षं). सुरुवातीला हिरवा ठिपका, पुढे बाण. नुसती ठिपक्यांची अक्षरं गिरवायला देणारी जी शीट्स सगळीकडे मिळतात त्यांचा प्रॉब्लेम हाच की मूल ठिपक्यावरून ठिपक्यावर जातं, खालून वर, मधूनच कुठूनही, आणि कागद पूर्ण झालेला दिसतो म्हणून आईबाबा खूश. इथे प्रत्येक आकाराची तीन पानं आहेत, पहिल्यावर सगळे ठिपके, दुसऱ्यावर फक्त सुरुवातीचा तुकडा, तिसरं रिकामं. मदत कमी कमी करत न्यायची म्हणजे काय हे ज्याला कळतं त्यानेच बनवलेला सेट आहे हा.

कात्रीचा सेट मात्र भलत्याच माणसाने केला असावा. ज्याने कात्री हातात पहिल्यांदा धरलीये त्याला आधी अरुंद पट्टीला नुसते टक टक काप देता आले पाहिजेत, मग जाड सरळ रेघ, मग वळण, मग आकार. इथे पहिल्याच पानावर फुलपाखरू, केसासारखी बारीक रेघ आणि चारी बाजूंनी नक्षी. नक्षी कुठली आणि कापायची रेघ कुठली हे ज्याला वेगळं दिसत नाही त्या मुलाने काय करायचं? आणि पीडीएफ लॉक, रेघ जाड करू म्हटलं तर ते पण नाही. शेवटी मी कोऱ्या कार्डशीटवर स्केचपेनने रेघा मारून दिल्या, जाड कागद नवशिक्याला सोपा जातो कारण तो लोळत नाही.

प्रिंट काढताना एक बघा. फाइल्स लेटर साइजच्या आहेत, २१६ बाय २७९ मिमी, आणि आपला ए४ असतो २१० बाय २९७. प्रिंटर आपलाआपण फिट टू पेज करतो आणि सगळं थोडं आक्रसतं. चित्राच्या कार्डाला काही फरक पडत नाही पण हस्ताक्षराच्या ओळींची उंची ठरवून दिलेली असते, तिथे ॲक्चुअल साइज निवडा, कडेला पुरेसा मार्जिन आहे, काही कापलं जात नाही. आणि सगळंच लॅमिनेट करायची घाई नको. चकचकीत प्लॅस्टिकवर मार्कर सुळकन घसरतो, कागदावर पेन्सिलीला जो अडसर लागतो आणि त्यातून हाताला जे कळतं ते तिथे मिळतच नाही. गिरवायची पानं कागदावरच बरी, आणि जमलं तर भिंतीवर चिकटवून करून घ्या, मनगट आपोआप मागे वळतं.

आता स्पीचचं, हे अर्धं माझं मत आणि अर्धं मैत्रिणीचं. आर्टिक्युलेशनची, म्हणजे उच्चारांच्या सरावाची, कार्डं भरमसाठ आहेत आणि मांडणी ठीक आहे, आधी नुसता ध्वनी, मग सिलॅबल, शब्द, छोटं वाक्य, मग बोलणं, आणि शब्दात पण सुरुवातीला, मधे, शेवटी असं वेगळं केलंय. पण काही संच ध्वनीवर नाही, अक्षरावर लावलेत. इंग्रजी G च्या पानावर गोट आणि जिराफ शेजारी शेजारी! अहो ग म्हणता येत नाही म्हणून जे मूल आलंय त्याला जिराफ कशाला देताय. मराठीत करायचं तर हीच काळजी च ला घ्यावी लागते, चमचा आणि चिमणी यांतला च वेगवेगळा, ते एकाच गठ्ठ्यात टाकून चालत नाही. म्हणून तयार कार्डांपेक्षा रिकामा टेम्प्लेट तिला जास्त उपयोगी पडला, त्यात चित्र टाकायचं, शब्द टाइप करायचा, झालं. एका ध्वनीचाच फरक असलेल्या शब्दांच्या जोड्यांचा जो टेम्प्लेट आहे त्यात तिने गाडी-काडी, दार-तार अशा जोड्या केल्या. मूल गाडी मागायला काडी म्हणतं, ही मुद्दाम काडीचं कार्ड हातात ठेवते, आणि मुलाच्या लक्षात येतं की अरे, आपण म्हणलो ते वेगळंच झालं.

ओरल मोटरचं, म्हणजे तोंडाच्या व्यायामांचं, एक मोठं पॅकेज आहे, जीभ नाकाला लावा, गाल फुगवा, शिट्टी वाजवा वगैरे. चित्रं गोड आहेत. पण असल्या न बोलता करायच्या व्यायामांनी उच्चार सुधारतात याला संशोधनाचा आधार नाही, बोलणं सुधारायला बोलायचाच सराव लागतो. पालकांना हे घरी करायला सोपं वाटतं आणि त्यातच रोजची वीस मिनिटं जातात, म्हणून मैत्रीण तो भाग उघडत पण नाही.

मोठ्या माणसांसाठीची शीट्स हा या मेंबरशिपमधला सगळ्यात चांगला भाग आहे आणि जाहिरातीत त्याचा उल्लेखच नाही, कमाल आहे. उजव्या मेंदूच्या स्ट्रोकनंतर काहीजणांचं डावीकडे लक्षच जात नाही, डोळे ठीक असतात पण डावी बाजू जणू अस्तित्वातच नसते. एका काकांना पानभर चिन्हांमधले फक्त तारे खोडायला दिले, त्यांनी उजव्या अर्ध्यातले सगळे व्यवस्थित खोडले आणि पेन खाली ठेवून म्हणाले झालं. या सेटमध्ये तेच पान डाव्या कडेला जाड लाल रेघ घालून काढता येतं, मग सांगायचं, काका, लाल रेघ दिसेपर्यंत डावीकडे या आणि मगच ओळ सुरू करा. पुढे बारीक रेघ, मग रेघ नाहीच. चिन्हं किती दाट हवीत ते पण बदलता येतं. फक्त हे रंगीतच प्रिंट करा, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये ती रेघ राखाडी होते आणि मग तिचा उपयोग शून्य.

अफेजियासाठी (स्ट्रोकसारख्या मेंदूच्या इजेनंतर भाषा जाते तो त्रास) शब्द आठवायचा तक्ता आहे, मधे चित्र आणि भोवती सहा चौकटी, कुठल्या गटातलं, कशाला वापरतात, काय करतं, दिसायला कसं, कुठे असतं, त्यावरून काय आठवतं. नवीन काहीच नाही, ही पद्धत सगळ्या स्पीच थेरपिस्टना माहीत असते, पण चौकटी मोठ्या आहेत आणि चित्र आपलं टाकता येतं. कुलपाचं चित्र ठेवलं होतं, आजींना शब्द सापडेना, लोखंडाचं, दाराला, असं करत करत किल्ली आली आणि किल्लीच्या मागोमाग कुलूप. त्यानंतर तो तक्ता त्यांनी घरी मागून नेला.

कम्युनिकेशन बोर्डात (बोलता येत नाही त्याने चित्रावर बोट ठेवून सांगायचा तक्ता) एक गोष्ट फार विचार करून केलीये, चित्रं आडव्या ओळीत लावायची की उभ्या ते निवडता येतं. डाव्या मेंदूचा स्ट्रोक असेल तर बोलण्याबरोबर उजव्या बाजूची नजर पण गेलेली असू शकते, मग आडव्या ओळीतलं शेवटचं चित्र माणसाला दिसतच नाही आणि आपण समजतो की कळत नाहीये. चित्रं मात्र कार्टूनसारखी आहेत. साठीच्या माणसाला संडासला जायचंय हे सांगायला डोळे मिचकावणारं टेडी बेअर दाखवायला लावणं बरं दिसत नाही हो. आम्ही चित्रं आरासाकमधून घेतली, स्पेनमधल्या अरागॉन सरकारची चित्रांची साइट आहे, फुकट आहे, फक्त व्यावसायिक वापर चालत नाही, श्रेय द्यावं लागतं आणि बदल करून पुढे दिलं तर त्याच लायसन्सखाली द्यावं लागतं.

हाताच्या टेंडन ग्लायडिंगचं (बोटांच्या कंडरा मोकळ्या सरकाव्यात म्हणून करायचा व्यायाम) पान, पाचही पोझिशनची स्वच्छ रेखाचित्रं, किती वेळा करायचं ते भरायला रिकामी जागा, एकदम छान. पार्किन्सन्ससाठी ठळक ओळींचे कागद आहेत, अक्षर बारीक होत जातं त्यांना उपयोगी. घरातल्या सेफ्टीची चेकलिस्ट पण बरी आहे.

आता सगळ्यात वाईट, गिळण्याच्या त्रासाची हँडआउट्स. पेय किती पातळ-घट्ट द्यायचं ते सांगायला अजून मधासारखं, नेक्टरसारखं अशी जुनी भाषा. आयडीडीएसआयचे (खाण्यापिण्याचा घट्टपणा सांगायची आंतरराष्ट्रीय पद्धत) ० ते ७ लेव्हल येऊन वर्षं झाली, १० मिलीच्या सिरिंजमधून १० सेकंदात किती उरलं ते बघून ड्रिंकची लेव्हल ठरवता येते (१ ते ४ मिली उरलं तर लेव्हल १, ४ ते ८ लेव्हल २, ८ च्या वर राहिलं पण हळूहळू वाहतंय तर लेव्हल ३), घरच्या माणसाला पण करून दाखवता येतं. ते सोडून मधासारखं म्हणजे कोणाच्या घरच्या मधासारखं? वर सरसकट सगळ्यांना हनुवटी खाली करून गिळा असा सल्ला, जो काही पेशंटना चालतो आणि काहींना उलट त्रासाचा ठरतो, तपासल्याशिवाय देऊच नये. आम्ही ईमेल केला, आभारी आहोत, टीमला कळवतो असं उत्तर आलं आणि फाइल आहे तशीच आहे.

बाकीच्या हँडआउट्सचा मजकूर पण जड. पेशंटसाठीचं लिखाण साधारण सहावीच्या मुलाला कळेल इतकं सोपं असावं म्हणतात, इथे पहिल्याच वाक्यात प्रोप्रिओसेप्शन. वर्ड फाइल मिळते त्या आम्ही मराठीत सोप्या करून घेतल्या, फॉन्ट मोठा केला, पीडीएफवाल्या सोडून दिल्या.

लायसन्स नीट वाचा, स्वतःच्या पेशंटला प्रिंट देता येते पण फाइल ग्रुपवर टाकता येत नाही, आणि मेंबरशिप संपली तरी डाउनलोड केलेलं वापरायला परवानगी आहे. त्यामुळे वर्षाचं घेण्यात काही अर्थ नाही, महिन्याचा प्लॅन आहे तो घ्या, न्युरो अडल्ट असा मोठ्या माणसांच्या शीट्सचा फोल्डर आहे तो आणि प्रीरायटिंगचा सेट आणि रिकामे टेम्प्लेट एवढं उतरवून ठेवा. आपोआप रिन्यू होतं, ते बंद करायचं बटण अकाउंटमध्ये नाही, बिलिंगच्या आत तिसऱ्या टॅबमध्ये लपवलंय. पेशंटचे नातेवाईक वाचत असतील तर तुम्ही हे घेऊ नका, तुमच्या थेरपिस्टला विचारा, चार पानं पुरतात आणि ती कुठली ते त्यांना माहीत असतं.