सोनेरी मण्यांचा संच: निदान एक हजार तरी खऱ्या मण्यांचा हवा

एकावर तीन शून्यं म्हणजे हजार, हे मुलांना पाठ असतं. पण हजार केवढा असतो असं विचारलं की ती गप्प होतात. मॉन्टेसरी वर्गातला सोनेरी मण्यांचा संच हे उत्तर थेट त्यांच्या हातात ठेवतो. त्यात सुटे मणी असतात, तारेत ओवलेली दहाची दांडी असते, दहा दांड्या जोडलेली शंभराची पाटी असते आणि दहा पाट्यांचा हजाराचा ठोकळा असतो. सुटा मणी चिमटीत मावतो, ठोकळ्याला मात्र दोन्ही हात लावावे लागतात. एकक आणि हजार यांतला फरक मुलाला आधी हातांना कळतो, आकडा नंतर येतो. या कामासाठी याहून चांगलं साहित्य नाही.

मात्र संच घेताना हजाराच्या ठोकळ्याकडे नीट बघा. स्वस्त संचांत पाट्या आणि ठोकळे लाकडी असतात, वर मण्यांचे गोल छापलेले. मुलं ते गोल मोजतातच. ठोकळ्याच्या सहा बाजू, प्रत्येकीवर शंभर गोल, म्हणून ती ‘सहाशे’ म्हणतात. मुलांचं मोजणं बरोबर आहे, चुकलंय ते साहित्य. मण्यांच्या ठोकळ्यातही बाहेरच्या थरात फक्त ४८८ मणी असतात, पण फटींतून आतले मणी दिसतात आणि आतही मणीच भरलेत याबद्दल शंका उरत नाही. म्हणून निदान एक ठोकळा पूर्ण मण्यांचा घ्या. ती ओळख पक्की झाली की नऊ ठोकळ्यांच्या मोठ्या संचातले बाकीचे आठ लाकडी चालतात.

संच हातात आला की दहा पाट्या एकावर एक रचून ठोकळ्याशेजारी ठेवा. उंची जुळली पाहिजे, कारण मूल स्वतः हेच करून बघणार आहे. उंची कमी-जास्त भरली तर ‘दहा शंभर म्हणजे एक हजार’ हे त्याला पटणार कसं? मग दांडीची टोकं बोटाने चाचपा. तार वळवून आत घेतलेली हवी, टोचता कामा नये. दोऱ्यात ओवलेल्या दांड्या घेऊ नका. दोरा सैल पडतो, मणी सरकतात आणि दांडी ताठ राहत नाही.

नगांची संख्या हा दुसरा फसवा भाग. नऊ सुटे, नऊ दांड्या, नऊ पाट्या आणि एक ठोकळा एवढ्यात फक्त ओळखीचा पाठ होतो. ‘हे शंभर’, मग ‘शंभर दाखव’, शेवटी ‘हे किती?’ या तीन पायऱ्या त्यात बसतात. बेरजेला ते पुरत नाही. १३५८ आणि २४६७ एकत्र केले की सुटेच १५ होतात. त्यांतले दहा ‘बँके’त, म्हणजे बाजूला ठेवलेल्या मण्यांच्या साठ्यात, देऊन एक दांडी आणायची, हाच हातचा. आता दांड्या झाल्या १२. त्यांतल्या दहा देऊन एक पाटी घेतली की ३८२५ समोर मांडलेले दिसतात. तीन मुलं एकत्र बेरीज करणार असतील तर १०० सुटे, ४५ दांड्या, ४५ पाट्या आणि नऊ ठोकळे असा मोठा संच लागतो. मोजणी नेहमी सुट्यांपासून सुरू करायची. ठोकळ्यांपासून केली तर अदलाबदल झाल्यावर आधी मोजलेलं पुन्हा बदलावं लागतं आणि मुलं गोंधळतात.

सोबतची अंकपत्रंही तपासा. एकक हिरवे, दशक निळे, शतक लाल आणि हजार पुन्हा हिरवे, कारण तिथून हजारांचे एकक सुरू होतात. पत्रांची रुंदी एकास दोन, तीन, चार या प्रमाणात लागते. १०००, ३००, ५० आणि ८ ही पत्रं उजव्या कडेला जुळवून एकावर एक ठेवली की १३५८ दिसायला हवेत. कापणी चुकलेली असेल तर खालचं शून्य डोकावतं आणि सगळी गंमत जाते.

हे साहित्य साधारण चार वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी आहे. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती सुटे मणी मुळीच देऊ नका, ते घशात अडकू शकतात. काम संपलं की सुटे मणी मोजूनच वाटीत परत ठेवायचे, आणि हे मोजायचं काम मुलांनाच द्या. मणी हरवत गेले तर पुढे अदलाबदलीला ते पुरत नाहीत. म्हणून घेतानाच दहा-पंधरा सुटे मणी जास्तीचे मागून घ्या.