नेपल्समधला शेवटचा दिवस: काय खाल्लं, काय बघितलं, कुठं पैसे घालवू नका

इटलीला जाणारे सगळे रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस करतात आणि नेपल्स म्हणजे पॉम्पेईला, त्या ज्वालामुखीत गाडल्या गेलेल्या रोमन शहराला, जायचं स्टेशन एवढंच धरतात. पण कोल्हापूरकरांनो ऐका माझं, शेवटचा दिवस नेपल्सलाच ठेवा. गाव तसं कळकट आहे, स्कूटरवाले बोळातनं थेट अंगावर येतात, लोक दोन फुटांवरच्या माणसाशी पण ओरडून बोलतात, पण खाण्याच्या बाबतीत नाद खुळा. एकच लक्षात ठेवा, इथं उभं राहून जे खाल ते झकास आणि स्वस्त, आणि पांढरं टेबलक्लॉथ दिसलं की पाकीट सांभाळा.

सकाळी कॉफी. आधी काउंटरला पैसे भरून पावती घ्यायची, मग ती पुढं सरकवून उभ्या उभ्या दोन घोटांत एस्प्रेसो संपवायचा. सोबत छोटा ग्लास पाणी मिळतं ते कॉफीच्या आधी प्यायचं. सव्वा-दीड युरोत काम होतं. त्याबरोबर स्फोल्यातेल्ला नावाची पेस्ट्री घ्या, बाहेरून पदर सुटलेली कुरकुरीत, आत रिकोटा, रवा आणि पाकवलेली संत्र्याची साल. दोन प्रकार असतात, त्यातली रिच्चा मागा, फ्रोल्ला मऊ असते, मला नाही आवडली. गरमच खायची, आमच्या अहोंच्या शर्टावर सगळा भुगा पडला तरी चालतंय.

मग सान्सेव्हेरो चॅपेल. १७५३ साली सानमार्तिनो नावाच्या शिल्पकारानं केलेली ख्रिस्ताची मूर्ती आहे, अंगावरची झिरझिरीत चादर पण त्याच संगमरवरातली. चादरीखालची कपाळावरची शीर दिसते हो! फोटो काढू देत नाहीत आणि तिकीट आधीच ऑनलाइन काढा.

आता मेन विषय, मोझरेला. आपण घरी पिझ्झावर किसून टाकतो ते रबर डोक्यातनं काढून टाका. इथली खरी मोझरेला म्हशीच्या दुधाची, कम्पानिया भागातली, १९९६ पासून तिला युरोपात आपल्या जीआय टॅगसारखं संरक्षण आहे आणि त्यात गाईचं दूध मिसळलेलं चालत नाही. आता गंगावेशीत उभं राहून म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन मोठा झालेला माणूस, त्याला म्हशीचं दूध कोण शिकवणार, त्यामुळं अहो दुकानात शिरतानाच तोंड वाकडं करून, चीज ते चीज त्यात काय एवढं म्हणत. दुकानातल्या मावशींनी टबातल्या पाण्यातनं मुठीएवढा पांढरा गोळा काढला, मध्ये सुरी घातली आणि प्लेटमध्ये दूध पाझरायला लागलं. वरची साल पातळ चकचकीत, दाताखाली जरा करकरते, आत पदर, चव गोडसर आणि शेवटी हलका आंबटपणा. तेल नाही, टोमॅटो नाही, नुसतीच खाल्ली. अहो काहीच बोलेनात. मग हळूच, "अगं, अजून एक सांग की." मावशींनी हातवारे करून बजावलं की फ्रिजमध्ये घालायची नाही, आजची आजच संपवा. कडक शाकाहारी लोकांसाठी एक सांगते, हे दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, ज्यांना चालत नाही त्यांनी लांब राहा.

पिझ्झा अर्थातच खाल्ला. दा मिकेले १८७० पासूनचं, तिथं रांग एवढी की आम्ही दोन गल्ल्या पलीकडं एका जुन्याच ठिकाणी गेलो. भट्टी एवढी तापलेली असते की दीड मिनिटाच्या आत पिझ्झा बाहेर. मध्ये ओलसर आणि लिबलिबीत असतो, तो कच्चा नाही, तसाच असतो, वेटरशी भांडू नका. मार्गरीटापेक्षा मला मारिनारा आवडला, चीजच नाही, फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो आणि तेल. लसूण भरपूर म्हणून आपल्या जिभेला पटतो.

दुपारी ऊन चढल्यावर आर्किऑलॉजिकल म्युझियम, आणि ही दिवसातली सगळ्यात भारी गोष्ट. पॉम्पेईत सापडलेलं चांगलं चांगलं सगळं इथं आणून ठेवलंय. त्यात सिक्रेट कॅबिनेट नावाचं दालन आहे, रोमन लोकांची चावट चित्रं-मूर्ती वगैरे, सासू-सासऱ्यांबरोबर जाऊ नका. पण तिथंच एक हस्तिदंती बाई आहे, वीतभराहून थोडी उंच, कंबरेला मेखला, हातभर बांगड्या, पायात वाळे, दोन बाजूंना दोन छोट्या दासी. १९३८ ला पॉम्पेईत सापडली, म्हणजे इ.स. ७९ ला व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटून पॉम्पेई गाडलं गेलं त्याच्या आधीच ती भारतातनं तिथं पोचलेली. नाव पडलंय पॉम्पेई लक्ष्मी, पण अभ्यासक यक्षी असावी म्हणतात. आणि तशाच धाटणीच्या मूर्ती आपल्या तेर आणि भोकरदनला सापडल्यात! उलट्या बाजूनं बघा, आपल्या कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत १९४० च्या दशकात ग्रीक समुद्रदेव पोसायडनची रोमन ब्राँझची मूर्ती निघाली, ती टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये आहे. टाऊन हॉलच्या बागेत बसून शेंगा खाणारे आपण सगळे, आत जाऊन तो देव बघितलेला माणूस दाखवा मला.

संध्याकाळी शेवटचा दिवस म्हणून समुद्राकाठी जरा बरं हॉटेल बघून बसलो, नाव सांगत नाही. कोपेर्तो म्हणून माणशी ३ युरो नुसतं बसायचे, आणि त्यात आलेला पाव वाळका. मेनूत माशाचा भाव स्वस्त दिसतो कारण तो शंभर ग्रॅमचा असतो, आम्ही आधीच विचारलं म्हणून वाचलो, शेजारच्या टेबलावर बिल आल्यावर जे चेहरे झाले ते बघवेनात. तिसऱ्या घातलेली स्पॅगेटी मागवली तर तिसऱ्यांत वाळू, सांगितलं तर वेटर खांदे उडवून गेला. पाचपैकी एक, तो पण व्हेसुव्हियस दिसतो म्हणून.

अर्धपोटी उठलो आणि जुन्या गावात परत येऊन कागदी कोनातलं तळण घेतलं, त्याला कुओप्पो म्हणतात. बटाट्याचे क्रोके, समुद्री शेवाळ घातलेली भजी, छोटे मासे, सगळं कढईतनं थेट हातात. क्रोकेत कधीकधी डुकराचं मांस असतं, बीफ-पोर्क खात नसाल तर मांझो आणि मायाले हे दोन शब्द पाठ करून जा आणि बोट दाखवून विचारा. पाचपैकी पाच.

म्युझियम आणि चॅपेल दोन्ही मंगळवारी बंद असतात, तेवढं बघून तारीख धरा. विमानतळाला अलिबस नावाची बस स्टेशनपासून जाते, पण ट्रॅफिकचा काही भरवसा नाही, लवकर निघा.